फ्लायवेट पॅटर्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लायवेट पॅटर्न म्हणजे नेमके काय?

हा प्रोग्रामच्या मांडणीचा एक ठरावीक नमुना, म्हणजे डिझाइन पॅटर्न आहे. प्रोग्राममध्ये एकाच प्रकारचे ऑब्जेक्ट हजारोंनी किंवा लाखोंनी लागतात आणि त्यांच्यातील बरीचशी माहिती सारखीच असते, अशा वेळी ती सारखी माहिती प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये पुन्हा पुन्हा न साठवता एकाच ऑब्जेक्टमध्ये ठेवायची आणि तो ऑब्जेक्ट सर्वांनी मिळून वापरायचा, ही या पॅटर्नची मूळ कल्पना आहे. जी माहिती वापराच्या जागेनुसार बदलते, तिला या सामाईक ऑब्जेक्टमध्ये जागा नसते. वापरणारा कोड ती स्वतःजवळ ठेवतो आणि मेथड कॉल करताना आर्ग्युमेंट म्हणून पुरवतो.

हे नाव आणि ही कल्पना कोठून आली?

फ्लायवेट हा मुष्टियुद्धातील अगदी हलक्या वजनाचा गट आहे. त्याची परंपरागत मर्यादा 112 पौंड, म्हणजे सुमारे 51 किलो. पॉल काल्डर आणि मार्क लिंटन यांनी 1990 मध्ये इंटरव्ह्यूज या सी प्लस प्लसमधील युझर इंटरफेस टूलकिटच्या संदर्भात ही कल्पना मांडली. पडद्यावरील मजकुराचे प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र ऑब्जेक्ट मानता यावा आणि तरीही तो परवडावा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे 1994 मध्ये एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीज यांनी ज्या 23 पॅटर्नची मांडणी केली, त्यांतील 7 स्ट्रक्चरल, म्हणजे ऑब्जेक्टच्या रचनेविषयीच्या, पॅटर्नमध्ये फ्लायवेटचा समावेश झाला.

अंगभूत स्थिती आणि बाह्य स्थिती यांत फरक कसा करायचा?

या पॅटर्नचा सारा भार याच एका प्रश्नावर आहे. येथे चूक झाली, तर पुढचा कोड कितीही नेटका असला तरी तो चुकीचेच उत्तर देतो, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

अंगभूत स्थिती म्हणजे जी माहिती ऑब्जेक्ट कोठेही वापरला तरी तीच राहते. बाह्य स्थिती म्हणजे जी माहिती ऑब्जेक्ट कोठे, केव्हा आणि कोणाच्या संदर्भात वापरला जातो यावर ठरते. मजकूर संपादकात ‘क’ या अक्षराची आकृती, म्हणजे त्याच्या वळणांची रूपरेषा, अंगभूत आहे. दस्तऐवजात ‘क’ पन्नास हजार वेळा आला तरी ती रूपरेषा बदलत नाही. तो ‘क’ कोणत्या ओळीत आणि डावीकडून किती अंतरावर आहे, ही माहिती मात्र बाह्य आहे.

फॉन्टचा आकार आणि रंग यांचे काय? येथे निर्णय करावा लागतो, आणि तो आपल्या प्रोग्राममधील माहितीचे स्वरूप पाहूनच करावा लागतो. संपूर्ण दस्तऐवजात चार-पाचच आकार वापरले जात असतील, तर आकाराला अंगभूत मानून प्रत्येक आकाराच्या ‘क’साठी वेगळा सामाईक ऑब्जेक्ट ठेवता येतो. वापरणारा कोणताही आकार देऊ शकत असेल, तर सामाईक ऑब्जेक्टची संख्या आवाक्याबाहेर जाते आणि आकाराला बाह्य मानणेच योग्य ठरते. मी स्वतः एक कसोटी लावतो: एखादे फील्ड अंगभूत मानल्यास वेगवेगळ्या ऑब्जेक्टची संख्या किती पटींनी वाढेल, हे आधी कागदावर मांडून पाहतो. दोन फील्डच्या शक्य किमतींचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे. आणि नेमकी हीच गोष्ट घाईत विसरली जाते.

दुसरी बारीक गोष्ट अशी की, बाह्य स्थिती पुष्कळदा साठवावीच लागत नाही, ती काढता येते. ओळीतील अक्षरांची रुंदी माहीत असेल, तर प्रत्येक अक्षराची जागा ओळ रंगवताना डावीकडून बेरीज करत मिळते. फॉन्टची माहितीही अक्षरागणिक न ठेवता ‘अमुक क्रमांकाच्या अक्षरापासून तमुक क्रमांकाच्या अक्षरापर्यंत हा फॉन्ट’ अशा पट्ट्यांच्या स्वरूपात ठेवता येते. खरी बचत या टप्प्यावर होते.

प्रत्यक्षात मेमरी किती वाचते? एखादे उदाहरण गणितासह मिळेल का?

जावाचे 64 बिटी हॉटस्पॉट व्हर्च्युअल मशीन घेऊ. कॉम्प्रेस्ड पॉइंटर चालू असताना तेथे ऑब्जेक्टचे हेडर (व्हर्च्युअल मशीनने स्वतःसाठी ठेवलेली माहिती) एरवी 12 बाइटचे असते, रेफरन्स (दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारा पत्ता) 4 बाइटचा असतो आणि एकूण आकार 8 च्या पटीत वर नेला जातो. आता प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र ऑब्जेक्ट केला आणि त्यात अक्षराचा कोड, फॉन्टचा रेफरन्स, आकार, रंग, आडवी जागा आणि उभी जागा अशी 4 बाइटची सहा फील्ड ठेवली, तर 12 अधिक 24 म्हणजे 36 बाइट होतात आणि ते 40 वर जातात. दहा लाख अक्षरांच्या दस्तऐवजाला 4 कोटी बाइट लागतात, आणि त्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या ॲरेचे 40 लाख बाइट वेगळे. एकूण 44 मेगाबाइटच्या घरात.

फ्लायवेट वापरल्यावर सामाईक ऑब्जेक्टमध्ये केवळ अक्षराचा कोड आणि रूपरेषेचा रेफरन्स उरतो: 12 अधिक 8 म्हणजे 20, वर नेल्यावर 24 बाइट. वेगवेगळी अक्षरे 200 धरली, तर सगळ्यांचे मिळून 4,800 बाइट. ॲरेचे 40 लाख बाइट पूर्वीइतकेच राहतात, फॉन्ट आणि रंगांच्या पट्ट्या थोडी जागा घेतात, आणि एकूण वापर 44 वरून सुमारे 4 मेगाबाइटवर येतो. (रूपरेषा दोन्ही मांडण्यांत सामाईकच धरली आहे, ती प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये असती, तर फरक याहून कितीतरी मोठा दिसला असता.)

आता हेच गणित एका वेगळ्या मांडणीला लावून पाहा, कारण अनेक प्रकल्पांत हीच मांडणी आढळते. सामाईक ऑब्जेक्ट केला, पण प्रत्येक अक्षरासाठी ‘जागा’ नावाचा एक छोटा ऑब्जेक्टही ठेवला आणि त्यात आडवी जागा, उभी जागा आणि सामाईक ऑब्जेक्टचा रेफरन्स अशी तीन फील्ड ठेवली. त्याचा आकार 12 अधिक 12, म्हणजे बरोबर 24 बाइट. 40 चे 24 झाले. बचत झाली खरी, पण ती चाळीस टक्क्यांचीच, कारण ऑब्जेक्टची संख्या दहा लाखच राहिली आणि प्रत्येकाचे हेडर कायम राहिले. जागा साठवणे अटळच असेल, जसे नकाशावरील चिन्हांच्या बाबतीत असते, तर आडव्या जागांचा एक ॲरे, उभ्या जागांचा दुसरा आणि प्रकाराच्या क्रमांकाचा एक बाइटचा तिसरा असे तीन साधे ॲरे ठेवावेत. मग प्रत्येक चिन्हामागे 4 अधिक 4 अधिक 1 असे 9 बाइट लागतात.

सामाईक ऑब्जेक्टमध्ये सेटर मेथड, म्हणजे फील्डची किंमत बदलणारी मेथड, ठेवली तर चालते का?

नाही. फ्लायवेट ऑब्जेक्ट तयार झाल्यानंतर त्याची स्थिती बदलता कामा नये; सर्व फील्ड अंतिम असावीत आणि त्या फील्डमधून एखादी बदलता येण्याजोगी यादी किंवा ॲरे बाहेर दिला जाऊ नये.

हा नियम मी अनुभवाने शिकलो. मी काम केलेल्या एका नकाशाच्या प्रोग्राममध्ये चिन्हांचे प्रकार सामाईक केले होते, पण जुन्या क्लासमधील रंग बदलण्याची मेथड तशीच राहिली होती. वापरणाऱ्याने एका चिन्हावर क्लिक केले की ते लाल व्हावे, एवढीच अपेक्षा होती. क्लिक केल्यावर ते चिन्ह लाल झाले, आणि पडद्याचा जेवढा भाग पुन्हा रंगवला गेला तेवढ्या भागातील त्याच प्रकारची सगळी चिन्हेही लाल झाली. उरलेली मात्र पूर्वीच्याच रंगात राहिली. नकाशा सरकवला की आणखी काही लाल होत. त्यामुळे दोष रंगवण्याच्या कोडमध्ये आहे असे वाटून आम्ही दोन दिवस भलतीकडेच शोध घेतला. उपाय अगदी छोटा होता: ‘निवडलेले आहे की नाही’ ही बाह्य स्थिती आहे हे ओळखून ती रंगवण्याच्या मेथडला आर्ग्युमेंट म्हणून देणे आणि सेटर काढून टाकणे.

जावाच्या स्विंगमधील तक्ता सारखे रूप असलेल्या असंख्य चौकटी एकाच रेंडरर कॉम्पोनंटने रबरी शिक्क्याप्रमाणे रंगवतो, आणि प्रत्येक चौकटीपूर्वी त्या कॉम्पोनंटची स्थिती बदलतो, असा प्रश्न येथे काही वाचक उपस्थित करतात. ते खरे आहे. मात्र तेथे सर्व रंगकाम एकाच थ्रेडवर होते आणि शिक्का उमटल्यावर तो कॉम्पोनंट कोणीही धरून ठेवत नाही. या दोन्ही अटी पाळण्याची हमी आपल्या कोडमध्ये देता येत नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

फॅक्टरीची खरोखर गरज असते का?

असते, कारण कन्स्ट्रक्टर थेट वापरला की भाषेच्या नियमानुसार प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्टच मिळतो. म्हणून कन्स्ट्रक्टर खासगी करावा आणि ऑब्जेक्ट मागण्याचा एकच मार्ग ठेवावा, तो म्हणजे फॅक्टरी. फॅक्टरी अंगभूत स्थितीवरून किल्ली बनवते, त्या किल्लीचा ऑब्जेक्ट साठ्यात असेल तर तोच देते, नसेल तर बनवून साठ्यात ठेवते आणि मग देते.

किल्लीत अंगभूत स्थितीतील प्रत्येक फील्ड आले पाहिजे. एखादे सुटले, तर दोन वेगळ्या गोष्टींना एकच ऑब्जेक्ट मिळतो. एखादे जास्तीचे आले, तर वाटणी होतच नाही. दशांश संख्या किल्लीत असतील तर विशेष काळजी घ्यावी, कारण 12 आणि 12.0000001 हे माणसाला एकच आकार वाटले तरी मॅपच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या किल्ल्या असतात.

अनेक थ्रेड (प्रोग्राममधील एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) एकाच वेळी फॅक्टरीकडे आले तर काय होते?

‘आहे का ते पाहा, नसेल तर ठेवा’ या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसला, तर एकाच किल्लीचे दोन ऑब्जेक्ट तयार होतात. आणि साधा हॅशमॅप समकालीन बदलांनी आतून बिघडूही शकतो. जावात कन्करंट हॅशमॅपची कम्प्यूट इफ ॲबसेंट ही मेथड ही दोन्ही कामे अविभाज्यपणे करते. तिला दिलेल्या फंक्शनमधून त्याच मॅपमध्ये मात्र बदल करू नये. सामाईक ऑब्जेक्ट वाचण्यासाठी वेगळ्या कुलपाची गरज नसते, कारण तो बदलतच नाही.

फॅक्टरीतील साठा वाढतच गेला तर?

किल्ल्यांची संख्या मर्यादित असेल, तर साठा कधीच रिकामा करू नये. त्याची चिंताही करू नये. प्रश्न येतो तो किल्ल्या बाहेरून येणाऱ्या माहितीवर ठरत असतील तेव्हा. फॅक्टरीने रेफरन्स धरून ठेवला असल्याने गार्बेज कलेक्टर (नको झालेल्या ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) ते ऑब्जेक्ट कधीच गोळा करत नाही आणि मेमरी वाचवण्यासाठी आणलेला पॅटर्न मेमरी गिळू लागतो.

अशा वेळी बहुतेक जण जावातील वीक हॅशमॅपकडे वळतात, आणि तेथे दोन विरुद्ध दिशांचे खड्डे आहेत. या मॅपमध्ये किल्ली दुर्बल रेफरन्सने (जो ऑब्जेक्ट गोळा होण्यापासून वाचवत नाही) आणि किंमत पक्क्या रेफरन्सने धरलेली असते. त्यामुळे सामाईक ऑब्जेक्टच्या आत त्याच्या किल्लीचा रेफरन्स असेल, तर ती नोंद कधीच जात नाही. उलट, किल्ली दुसऱ्या कोणीही धरून ठेवली नसेल, तर पुढच्या गार्बेज कलेक्शनमध्ये ती नोंद नाहीशी होते. सामाईक ऑब्जेक्ट मात्र वापरात असतो, आणि पुन्हा मागणी आली की त्याचा जुळा भाऊ जन्माला येतो. त्याऐवजी साध्या मॅपमध्ये किंमत दुर्बल रेफरन्समध्ये गुंडाळून ठेवावी आणि मेलेल्या रेफरन्सच्या नोंदी रेफरन्स क्यूच्या मदतीने काढाव्यात.

जावात 127 ची तुलना बरोबर आणि 128 ची चूक का येते?

हा प्रश्न नव्याने शिकणारे फार विचारतात, आणि त्याचे उत्तर थेट फ्लायवेटमध्ये आहे. इंटिजर प्रकारच्या दोन व्हेरिएबलना 127 ही किंमत दिली आणि दुहेरी बरोबर चिन्हाने तुलना केली, तर उत्तर ‘खरे’ येते. तेच 128 बाबत सहसा ‘खोटे’ येते. साध्या पूर्णांकाचे ऑब्जेक्टमध्ये आपोआप रूपांतर होताना −128 ते 127 या किमतींसाठी सामाईक ऑब्जेक्टच मिळेल, अशी हमी जावा भाषेचे अधिकृत वर्णन देते. दुहेरी बरोबर चिन्ह दोन्ही रेफरन्स एकाच ऑब्जेक्टकडे जातात का, एवढेच पाहते. 127 साठी दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट असतो, 128 साठी एरवी दोन वेगळे. हॉटस्पॉटमध्ये ही वरची मर्यादा एका पर्यायाने वाढवताही येते, त्यामुळे तोच कोड एका यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे उत्तर देऊ शकतो.

हा दोष चाचण्यांत पकडला जात नाही, कारण चाचण्यांत आपण 1, 2, 3 असे लहान क्रमांक वापरतो; नोंदी 127 च्या पुढे गेल्या की प्रत्यक्ष वापरात तो उघड होतो. म्हणून तुलना इक्वल्सनेच करावी. इंटिजरचा कन्स्ट्रक्टर जावा 9 पासून नापसंत ठरवला गेला आहे, आणि व्हॅल्यू ऑफ ही मेथड वापरण्याची शिफारस आहे; यामागे हीच वाटणी आहे. सामाईक ऑब्जेक्टवर सिंक्रोनाइझ करणेही टाळावे, कारण तोच ऑब्जेक्ट प्रोग्रामच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोणीतरी कुलूप म्हणून धरलेला असू शकतो.

स्ट्रिंग इंटर्निंग हा फ्लायवेटच का?

होय. जावात सोर्स कोडमधील सारख्या स्ट्रिंग लिटरल एकाच ऑब्जेक्टकडे जातात, आणि इंटर्न मेथडने इतर स्ट्रिंगही त्या साठ्यात घालता येतात. पायथनमध्येही इंटर्न करण्याची सोय आहे. जावा 8 च्या एका सुधारित आवृत्तीपासून जी 1 गार्बेज कलेक्टर स्ट्रिंगची द्विरुक्ती काढू शकतो, पण तो स्ट्रिंग ऑब्जेक्ट वेगळेच ठेवतो आणि आतील अक्षरांचा ॲरे तेवढा सामाईक करतो. ओळख कायम ठेवून मजकूर वाटून घेण्याची ही रीत मला फार सुरेख वाटते, कारण तिच्यामुळे जुन्या कोडमधील कोणत्याही तुलनेचे उत्तर बदलत नाही.

सिंगलटन, ऑब्जेक्ट पूल आणि कॅशे यांहून फ्लायवेट वेगळा कसा?

सिंगलटनमध्ये एका क्लासचा एकच ऑब्जेक्ट असतो. फ्लायवेटमध्ये प्रत्येक अंगभूत स्थितीमागे एक. ऑब्जेक्ट पूलमधील ऑब्जेक्ट एका वेळी एकाच्याच ताब्यात असतो आणि काम झाले की परत करावा लागतो, जसे डेटाबेस कनेक्शन. फ्लायवेट एकाच वेळी सर्वांच्या हातात असतो आणि परत करण्याचा प्रश्नच नसतो. कॅशेचा हेतू वेळ वाचवणे हा आहे आणि त्यातील नोंद केव्हाही टाकून देता येते.

हा स्ट्रक्चरल पॅटर्न का मानला जातो? आणि कंपोझिटशी त्याचा संबंध काय?

फॅक्टरी दिसते म्हणून तो निर्मितीच्या गटातील वाटतो, पण त्याचा विषय ऑब्जेक्ट कसे बनवावेत हा नसून एका ऑब्जेक्टची माहिती कोणकोणत्या भागांत विभागावी हा आहे. कंपोझिट, म्हणजे भाग आणि भागांचे गट यांना झाडासारख्या रचनेत एकसारखे वागवणारा पॅटर्न, याच्याबरोबर तो पुष्कळदा येतो: झाडासारख्या रचनेतील पाने सामाईक केली जातात, तर ओळ आणि परिच्छेद यांसारखे आतले नोड स्वतंत्र राहतात. अशा वेळी पानात पालक नोडचा रेफरन्स ठेवता येत नाही, कारण तेच पान अनेक पालकांखाली असते. पालकाची माहिती फिरताना वरून खाली द्यावी लागते, आणि ‘माझा पालक कोण’ असे पानाला विचारणारा जुना कोड बदलावा लागतो. कामाचा अंदाज करताना हे काम सहसा धरलेलेच नसते.

यामुळे प्रोग्राम वेगवान होतो का?

कधी होतो. ऑब्जेक्ट कमी झाल्याने गार्बेज कलेक्टरचे काम कमी होते. पण बाह्य स्थिती दर वेळी काढावी लागत असेल, तर तो वेळ वाढतो.

हा पॅटर्न कोठे वापरू नये?

ऑब्जेक्ट काही शेकड्यांत असतील तेथे वापरू नये. प्रत्येक ऑब्जेक्टची माहिती मुळातच वेगळी असेल, तर वाटण्यासारखे काही उरत नाही. आणि प्रोग्राम ऑब्जेक्टच्या ओळखीवर अवलंबून असेल, म्हणजे ‘हे दिसायला सारखे असले तरी दोन वेगळे आहेत’ हे महत्त्वाचे असेल, तर फ्लायवेट ती ओळखच पुसून टाकतो.

चालू प्रकल्पात हा पॅटर्न आणायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी?

मोजण्यापासून. जावात जेमॅप या साधनाचा हिस्टोग्राम पर्याय प्रत्येक क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत आणि ते किती बाइट घेतात, हे सांगतो. प्रत्यक्षातल्या आकाराची माहिती भरून ही नोंद घ्यावी आणि जपून ठेवावी. त्यानंतर यादीत वर असलेल्या क्लासची फील्ड एकेक करून पाहावीत: प्रत्येकात वेगवेगळ्या किमती किती आहेत, हे मोजणारा दहा ओळींचा कोड लिहिला तरी अंगभूत काय आणि बाह्य काय याचे चित्र बरेच स्पष्ट होते. मग सेटर काढावेत, कन्स्ट्रक्टर खासगी करावा, आणि कंपायलर जेथे जेथे चूक दाखवेल तेथे फॅक्टरीची मागणी लिहावी. शेवटी तीच माहिती भरून हिस्टोग्राम पुन्हा घ्यावा. त्या क्लासची संख्या लाखांवरून शेकड्यांवर आली नसेल, तर ऑब्जेक्ट अजूनही एखाद्या आडवाटेने, बहुधा फाइलमधून परत वाचताना डीसिरियलायझेशनमधून, फॅक्टरीला टाळून तयार होत आहेत, किंवा किल्लीत बाह्य स्थितीचे एखादे फील्ड राहून गेले आहे.